आमचा मजकूर फॉन्टच्या कुलपात का?



नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीच्या पोरांनी आमच्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवला. आत भीमजयंतीच्या जुन्या स्मरणिकेची फाइल. वर्गणीदारांची यादी, म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या आठवणी, मुलींनी लिहिलेले लेख. उघडली तर इंग्रजी अक्षरांची खिचडी! 'बाबासाहेब' या नावाच्या जागी सी-के-सी-के-एल-के-जी-एस-सी. फाइल बिघडलेली नव्हती. ती कृतिदेवमध्ये टाइप केली होती आणि पोरांच्या संगणकात कृतिदेव नव्हता.

फॉन्ट टाकला, मजकूर दिसला. पोरं खूश झाली. आम्ही नाही झालो.

कारण अशा फॉन्टमध्ये संगणक मराठी साठवतच नाही. तो साठवतो इंग्रजी 'सी', आणि फॉन्ट त्यावर 'ब'चा मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की आतला मजकूर मराठी नाहीच. म्हणून त्यात 'चवदार तळे' शोधा, सापडत नाही. आपल्या अंध बांधवाचा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही. दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये घ्यावा, तर तिचा मुखवटा वेगळा. युनिकोड १९९१ साली आले, त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. विंडोज २००० सोबत मंगल फॉन्ट आला. तरी चळवळीची पत्रके, विशेषांक, ठराव आजही जुन्याच फॉन्टांत टाइप होतात!

यावर आपलेच कार्यकर्ते म्हणतात, "छापून आलं ना? मग झालं. फॉन्ट हा काय चळवळीचा प्रश्न आहे?"

आहे. 'मूकनायक' १९२० साली निघाला. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. बाबासाहेब नुसती पत्रे काढून थांबले नाहीत, त्यांनी छापखाना उभा केला. भारतभूषण, नंतरचा बुद्धभूषण. खिळे आपल्या ताब्यात नसतील तर शब्दही दुसऱ्याच्या मर्जीवर, हे त्यांना कळत होते. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि ती प्रेसची वास्तू पाडली, तेव्हा आम्ही रस्त्यावर उतरलो. ते बरोबरच होते. पण आजचे खिळे म्हणजे फॉन्ट, आणि ते आम्ही तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे ठेवून आलो आहोत. त्याने दुकान बंद केले की आमची वीस वर्षे बंद. ही सवय आम्हीच लावून घेतली, तिथे मनुवाद्यांना दोष देऊन भागणार नाही.

पैशाची सबब तर सांगूच नका. मुक्ता, लोहित देवनागरी, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट आहेत, कायदेशीर आहेत. चोरून आणलेल्या महागड्या सॉफ्टवेअरची गरज काय? फाइल उतरवा, झिप असेल तर आधी सोडवा, टीटीएफ फाइलवर उजवी क्लिक करून 'इन्स्टॉल' म्हणा. विंडोज १० मध्ये आपल्या खात्यापुरता फॉन्ट टाकायला ॲडमिनचा पासवर्डही लागत नाही, म्हणजे कॉलेजच्या लॅबमध्येही बहुतेक वेळा जमते. सगळ्या वापरकर्त्यांसाठी टाकायचा असेल तरच परवानगी मागावी लागते. मात्र पन्नास फॉन्ट कोंबू नका, यादी लांबते आणि काम अडते. दोन-तीन पुरे. टायपिंगला इनस्क्रिप्ट शिका, आठ दिवस बोटं अडखळतील, नंतर नाही.

आणि जुने कृतिदेव लगेच उडवू नका! जुन्या फाइली बदलून होईपर्यंत ते लागेल. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार तसाच घसरतो. 'धर्मांतर' आणि 'समिती' या शब्दांचे काय होते ते एकदा पाहा.

कळसाडीची स्मरणिका आम्ही बदलायला घेतली आहे. वर्गणीदारांची यादी पूर्ण झाली, सगळी नावे पोरांनी घरोघर जाऊन तपासली. आठवणींची पाने अजून बाकी आहेत. सांगणाऱ्यांपैकी जे हयात आहेत त्यांना ती वाचून दाखवूनच वेलांट्या दुरुस्त होतील.