पान्ह्याचे इंजेक्शन आणि आपला धंदा

वाशीम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड, मालेगाव आणि मानोरा या सहाही तालुक्यांत आपल्या बांधवांपैकी कोणी म्हशी बाळगून दुधाचा रतीब घालतो, कोणी जनावरांची खरेदी-विक्री करतो, तर कोणी औषधाचे दुकान चालवतो. या तिन्ही धंद्यांना जोडणारी एक लहानशी बाटली आहे. गोठ्यात तिला पान्ह्याचे इंजेक्शन म्हणतात, बाळंतपणाच्या खोलीत कळांचे इंजेक्शन म्हणतात. औषध मात्र एकच, ऑक्सिटोसिन. या औषधाबद्दल अफवाही भरपूर आहेत आणि बेफिकिरीही भरपूर आहे. ज्याला भ्यायला हवे त्याला आपण भीत नाही आणि जिथे भिण्याचे कारण नाही तिथे ओरड करतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ऑक्सिटोसिन हे मुळात शरीरातच तयार होणारे संप्रेरक, म्हणजे हार्मोन. विन्सेंट द्यू विग्नो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९५३ साली ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवले आणि १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज इंजेक्शनच्या कुपीत असते ते कारखान्यात बनवलेले ऑक्सिटोसिनच. त्याची मुख्य कामे दोन: गर्भाशय आकुंचित करणे आणि कासेतले दूध खाली उतरवणे.

पारडू कासेला ढुशी देऊ लागले की म्हशीच्या मेंदूला इशारा जातो, तिथून हे संप्रेरक रक्तात येते आणि दूध सडांत उतरते. यालाच आपण पान्हा म्हणतो. पारडू मेले की म्हैस पान्हा चोरते. आता पारडू का मेले, हे गोठेवाल्याने स्वतःला विचारावे. पुष्कळदा त्याच्या वाट्याचे दूध रतिबात गेलेले असते. मग सकाळ-संध्याकाळ सुई सुरू होते. येथे एक गैरसमज दूर झाला पाहिजे. या सुईने दूध तयार होत नाही. दूध तयार होते ते ढेप, सरकी, हिरवा चारा आणि पाणी यांतून. सुई फक्त कासेत असलेले दूध बाहेर काढते. तिचा अंमल काही मिनिटांचाच, पण सवय मात्र कायमची लागते. रोज टोचल्या जाणाऱ्या जनावराला पुढे सुईवाचून पान्हाच फुटत नाही. गाभण जनावराला टोचली तर गाभ पडण्याची भीती असते. एकच सुई दहा म्हशींना फिरवली तर एकीचा रोग दहा जणींना जातो. टोचलेल्या जागी गाठी आणि गळू होतात ते वेगळेच. हिशेब मांडला तर वाचवलेल्या पारड्यापेक्षा ही बाटली महाग पडते.

बाजारात विकायच्या म्हशीला सुई देऊन गिऱ्हाइकासमोर धार काढून दाखवणे, ही तर उघड फसवणूक आहे. विक्रीआधी जनावराची कास तुंबवून ठेवण्यास हदीसमध्ये मनाई आहे, हे जनावरांच्या व्यापाऱ्यांना आम्ही सांगण्याची गरज नसावी.

आता दूध पिणाऱ्यांच्या भीतीकडे वळू. 'इंजेक्शनच्या दुधाने मुली लवकर वयात येतात' हे वाक्य गावोगाव ऐकू येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने हा प्रश्न तपासला. टोचलेल्या आणि न टोचलेल्या जनावरांच्या दुधातील ऑक्सिटोसिनच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही आणि हे संप्रेरक पचनात मोडून जाते, असेही दिसले. ते प्रथिनासारख्या घटकांचेच बनलेले असल्यामुळे यात आश्चर्य नाही. प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्या गवळ्याला या अफवेचा फटका बसतो आणि खरा धोका आहे तिथून लोकांचे लक्ष उडते, म्हणून आम्ही हे मुद्दाम लिहीत आहोत. याचा अर्थ सुई माफ आहे असा कोणी घेऊ नये. पोट बिघडवत नाही म्हणून जनावराचे हाल करण्याची परवानगी मिळत नाही, आणि बिननावाच्या बाटलीत ऑक्सिटोसिनखेरीज काय काय आहे याची हमी कोण देणार?

कायदाही तेच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपायकारक असे काहीही टोचणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय जनावर सरकारजमा होते. आपल्या दारची म्हैस गेली म्हणजे काय गेले, हे ज्याचे घर दुधावर चालते त्याला विचारा. परवान्याशिवाय औषध विकणाऱ्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २७ खाली किमान तीन वर्षे कैद आणि किमान एक लाख रुपये दंड आहे. 'मी तर फक्त इकडची बाटली तिकडे दिली' ही सबब कोर्टात चालत नाही.

या औषधाचा गैरवापर थांबवण्यासाठी सरकारने एकदा फार मोठे पाऊल उचलले होते. २०१४ च्या जानेवारीत नियम झाला की ऑक्सिटोसिनचा कच्चा माल फक्त त्याची इंजेक्शने बनवणाऱ्या परवानाधारक कारखान्यांनाच द्यावा आणि माणसांसाठीचे इंजेक्शन एकेका कुपीच्या वेष्टनातच विकावे. त्यावर २०१८ च्या एप्रिलमध्ये केंद्राने खासगी कारखान्यांना देशांतर्गत विक्रीसाठी हे औषध बनवण्यास बंदी केली आणि सारी मदार कर्नाटक अँटिबायोटिक्स या एकाच सरकारी कंपनीवर टाकली. काही औषध कंपन्या आणि ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क ही संघटना न्यायालयात गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी ही बंदी रद्द केली. गैरवापराला पुरेसा आधार दाखवला गेला नाही आणि बाळंतिणींना औषध कमी पडेल याचा विचार झाला नाही, असा निकालाचा रोख होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते मोठ्या खंडपीठाकडे सोपवले गेले. आमच्या मते उच्च न्यायालयाचा विचार योग्य होता. गोठ्यातला चोर पकडता येत नाही म्हणून प्रसूतिगृहाचे कपाट रिकामे करणे हा इलाज नव्हे.

कारण हे औषध बाळंतपणात जीव वाचवते. मूल जन्मल्यावर गर्भाशय आकुंचन पावले नाही तर रक्त थांबत नाही आणि थोड्याच वेळात बाई हातची जाते. म्हणून मूल बाहेर येताच १० युनिट ऑक्सिटोसिन देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. हेच औषध मूल होण्यापूर्वी, 'लवकर मोकळी होऊ दे' म्हणून कुणी अर्धशिक्षित माणसाने घरात टोचले, तर गर्भाशय फाटू शकते आणि पोटातल्या मुलाचा श्वास कोंडू शकतो. कळा वाढवण्यासाठी ते द्यायचे तर रुग्णालयात, सलाइनमधून मोजून, मुलाचे ठोके पाहतच द्यावे लागते. सासूबाईंनी घाई केली म्हणून किंवा शेजारणीला दिले होते म्हणून ते देता येत नाही. औषध दुकानदार बांधवांना आमची विनंती आहे की कळांचे इंजेक्शन चिठ्ठीशिवाय मागायला कोणीही आले, ओळखीचे असले तरी, देऊ नका. हे औषध शेड्यूल एच मधले आहे, नोंदणीकृत डॉक्टरच्या किंवा पशुवैद्याच्या चिठ्ठीवाचून ते विकताच येत नाही.

दुकानदारांसाठी आणखी एक गोष्ट. ऑक्सिटोसिन उष्णतेने निकामी होते. २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवा, असे जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी २०१९ मध्ये एकत्रितपणे बजावले आहे. आपल्याकडचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे. काउंटरवरच्या खोक्यात पडलेली कुपी दिसायला तशीच दिसते, पण रक्त थांबवण्याच्या वेळी ती दगा देईल. ती फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. वीज जाते तिथे फ्रीजमध्ये तापमापक ठेवा. माल बिलावरच घ्या आणि बिलावर बॅच नंबर आहे का ते पाहा. कोणी याची पावडर देऊ केली तर २०१४ चा नियम आठवा. तो व्यवहार मुळातच बेकायदा आहे. शिवाय ही पावडर नाकावाटे अंगात भिनते.

हाताळणाऱ्याचा धोका तर कोणी बोलतच नाही. अमेरिकेतील नायोश या कामगार-सुरक्षा संस्थेने २०१६ च्या धोकादायक औषधांच्या यादीत ऑक्सिटोसिन घातले, ते गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतील स्त्रियांसाठी. आता आपले गोठे पाहा. सिरिंज कोण भरते? पुष्कळ घरांत सूनबाई. म्हशीने लाथ झाडली आणि सुई तिच्याच हातात घुसली तर काय होईल, याचा विचार कोणी केला आहे का? गरोदर बाईने या कुपीला हात लावू नये. दवाखान्यात किंवा दुकानात कुपी फुटली तर हातमोजे घालून पुसावी, हात साबणाने धुवावेत, काच आणि सुया उकिरड्यावर टाकू नयेत, पोरे तिथेच खेळतात.

सुई सोडायची म्हणजे गवळ्याचे दोन-चार आठवडे कठीण जातात, हे आम्ही जाणतो. सडांना कोमट पाण्याने धुऊन कास चोळणे, धारेच्या वेळी पुढ्यात आंबोण ठेवणे, रोज त्याच वेळी त्याच माणसाने धार काढणे, मेलेल्या पारड्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवणे, या जुन्या रीती वेळ घेतात. तेवढ्या दिवसांत दूध घटते आणि गिऱ्हाईक तुटते. दूध घेणाऱ्या हॉटेलवाल्या बांधवांनी एवढे दिवस त्याला सांभाळून घ्यावे.

आणि प्रशासनाला एक प्रश्न. धाड पडली की गवळी सापडतो, त्याच्या बाटलीसोबत फोटो निघतो. बाटली भरणारा कुठे सापडतो? अन्न व औषध प्रशासनाने आणि पशुसंवर्धन खात्याने गोठ्यात मिळालेल्या प्रत्येक बिननावाच्या बाटलीचा माग पुरवठादारापर्यंत काढावा आणि तो कुठवर पोचला हे जिल्ह्यातील दूध आणि औषध व्यापाऱ्यांना कळवावे.