विद्यार्थ्यांचे संशोधन : अनुदान वरातीमागून

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विद्यार्थी-संशोधनाच्या अनुदानासाठी अर्ज केला. विषय तिच्या रोजच्या पाहण्यातला होता : आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या स्त्रिया सकाळचे भांडवल कोठून आणतात? सहा हजार रुपये मंजूर झाल्याचे पत्र आले. पत्राच्या अखेरीस एक ओळ होती. खर्च प्रथम स्वतः करावा, पावत्या सादर केल्यावर रक्कम अदा केली जाईल.

तिने चार गावांचे बाजार आठ आठवडे पालथे घातले आणि बासष्ट विक्रेत्या स्त्रियांशी बोलून टिपणे केली. पहाटे नऊशे रुपये हाती घेऊन संध्याकाळी हजार परत करणाऱ्या बायका तिला भेटल्या. म्हणजे दिवसाला अकरा टक्क्यांहून अधिक व्याज! हा आकडा वर्गात सांगताना मी अडखळतो, तिने तो त्या बायकांच्या तोंडून ऐकला. या कामासाठी तिला पाच हजार चारशे रुपये खर्च आला आणि तो भागविण्यासाठी तिच्या आईला शेजारणीकडून हातउसने घ्यावे लागले. ज्यांच्याजवळ खेळते भांडवल नाही त्यांच्यावर काय गुजरते याचा अभ्यास करणाऱ्या मुलीला तो अनुभव असा घरातच मिळाला.

पुढे पावत्यांचा अध्याय सुरू झाला. एस.टी.च्या तिकिटांची शाई उडून त्यांचे कोरे कागद झाले होते. झेरॉक्सवाल्याने साध्या कागदावर आकडा लिहून दिला होता, त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. बाजारात ज्या बायकांचा धंद्याचा वेळ घेतला त्यांना पाजलेल्या चहाची पावती तर ब्रह्मदेवालाही आणता आली नसती. अखेर दोन हजार एकशे पन्नास रुपये मान्य झाले आणि तेही ती पदवीधर होऊन गेल्यानंतर. आपल्याकडे वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

या प्रसंगात मी कोणा लेखनिकाला दोष देणार नाही. लेखा विभागातील ज्या गृहस्थाने ती तिकिटे परत केली, तो सज्जन होता. उद्या लेखापरीक्षकाने आक्षेप घेतला तर उत्तर त्याला द्यावे लागते, प्रसंगी वसुली त्याच्या पगारातून होते. संशोधन चांगले झाले म्हणून कोणी त्याची पाठ थोपटत नाही, पावती नसली तर मात्र त्याला जाब विचारला जातो. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस पावतीच मागणार. दोष आहे तो नियम ज्या गृहीतावर उभे आहेत त्या गृहीताचा. कोट्यवधींची इमारत बांधणारा ठेकेदार आणि चार बाजार फिरणारी विद्यार्थिनी यांना आपण एकाच मापाने मोजतो.

अर्थशास्त्रात व्यवहारखर्च नावाची एक संकल्पना आहे. वस्तूच्या किमतीखेरीज व्यवहार पार पाडण्यासाठी जो वेळ, श्रम आणि पैसा लागतो तो व्यवहारखर्च. पाच-दहा हजारांच्या अनुदानासाठी विद्यार्थी अर्ज भरतो, मार्गदर्शक तो तपासतो, विभागप्रमुख व प्राचार्य सह्या करतात, समिती बसते, लेखनिक आवक-जावक नोंदवितो, लेखापाल पडताळणी करतो, त्रुटी निघतात, कागद पुन्हा खालून वर जातात. या साऱ्या मंडळींच्या वेळेचे मोल पगाराच्या हिशेबाने मांडले, तर ते दिलेल्या अनुदानाहून फार कमी भरेल असे मला वाटत नाही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आपल्या पूर्वजांनी जणू अशाच योजनांसाठी करून ठेवली आहे.

परंतु याहून गंभीर परिणाम निवडीवर होतो. आधी खर्च आणि मग परतफेड या अटीची चाळण बुद्धीची पारख करीत नाही, ती खिशाची पारख करते. ज्याच्या घरी सहा हजार रुपये वर्षभर अडकून पडले तरी बिघडत नाही, तोच अर्ज करतो. बाकीचे सूचनाफलक वाचून पुढे जातात. ते मागे का राहिले याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही, कारण न केलेल्या अर्जाला आवक क्रमांक मिळत नसतो. मग अर्ज थोडे येतात आणि निष्कर्ष काढला जातो की मुलांना संशोधनाची आवडच नाही!

विद्यार्थ्यांचे संशोधन म्हणजे पोरखेळ, असे मानणाऱ्यांनी मद्रास विद्यापीठाचा इतिहास आठवावा. गिल्बर्ट स्लेटर हे त्या विद्यापीठातील भारतीय अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक. त्यांनी १९१६ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावली देऊन त्यांना सुट्टीत गावोगाव पाठविले. जमीन कोणाची, मजुरी किती, कर्ज कोणाचे, घरात भांडी कोणती, असे ते साधे प्रश्न होते. त्या टिपणांतून १९१८ साली दक्षिणेतील काही खेड्यांवरचे पुस्तक सिद्ध झाले. पुढे १९३६-३७ मध्ये थॉमस आणि रामकृष्णन यांनी त्या गावांची पुन्हा पाहणी केली. त्यांतील इरुवेलपट्टू या गावाचा अभ्यास तर एकविसाव्या शतकातही झाला. सुट्टीतल्या त्या वह्या होत्या म्हणून शंभर वर्षांतील बदल मोजता आला. त्याच सुमारास आपल्याकडे हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. आज त्या गावात उंच इमारती उभ्या आहेत, जुने शेतीचे गाव मुख्यतः मान यांच्या पानांतच सापडते. आपल्या आजच्या बाजारपेठा, वस्त्या, यंत्रमाग आणि ऊसतोडीच्या टोळ्या यांचेही असेच होणार आहे. त्यांची नोंद आज कोणी ठेवायची? त्या वस्त्यांतून रोज आपल्या वर्गात येणाऱ्या मुलांइतके योग्य नोंदकर्ते दुसरे कोण असणार?

हा प्रश्न आता निवडक हौशी विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा जाहीर केला. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवीचा मार्ग त्यात खुला आहे, आणि त्यासाठी १२ श्रेयांकांचा संशोधन-प्रकल्प आहे. महाराष्ट्रातील नव्या अभ्यासक्रमांत क्षेत्र-प्रकल्पालाही श्रेयांक आहेत. धोरण स्वागतार्हच आहे. परंतु श्रेयांक कागदावर देता येतात, एस.टी.चे भाडे मात्र रोखीनेच द्यावे लागते. या खर्चाची तरतूद केली नाही तर प्रकल्प घरी बसून, इकडचे तिकडचे उतारे जोडून पुरे होतील. अनुभवी शिक्षकांना हे सांगायला नको.

सर्जनशील उपक्रमांची अवस्था याहून बिकट. एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या आजीच्या पिढीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या आहेत, दुसऱ्याला पथनाट्य बसवायचे आहे, तिसऱ्याला गावच्या कुंभारवाड्यावर लघुपट करायचा आहे. अर्जात रकाना असतो : तीन पुरवठादारांची दरपत्रके जोडावीत. ओवी गाणाऱ्या आजींची दरपत्रके कोणत्या तीन गावांतून मागवायची? प्रयोगशाळेतील काचसामानासाठी केलेला अर्ज कलेच्या गळ्यात बांधला की कला तरी मरते किंवा खोटी पावती तरी जन्मते. आणि विसाव्या वर्षी मुलाला सार्वजनिक पैशाचा पहिला धडा म्हणून खोटी पावती मिळविण्याची विद्या शिकविणे, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा तोटा होय.

यावर आक्षेप येईल की पैसा सार्वजनिक आहे, तो वाऱ्यावर कसा सोडायचा? आक्षेप रास्त आहे. परंतु विश्वासाने खर्च करण्याची सोय सरकारी नियमांनाही अपरिचित नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील १५४ व्या नियमाने २५ हजार रुपयांपर्यंतची खरेदी, माल योग्य दर्जाचा असून वाजवी भावात घेतला आहे अशा सक्षम अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर, दरपत्रकांशिवाय करण्याची मुभा दिली. वैज्ञानिक संशोधन-संस्थांसाठी अशी मर्यादा जून २०२५ मध्ये दोन लाखांपर्यंत नेण्यात आली. मोठ्या संस्थेतील अधिकाऱ्याच्या शब्दावर दोन लाख सोडता येतात, तर महाविद्यालयातील मार्गदर्शक शिक्षकाच्या सहीवर सहा हजार का सोडता येऊ नयेत?

सुधारणा अवघड नाहीत. अनुदानाचा निम्मा भाग मंजुरीबरोबरच विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हावा आणि उरलेला काम सादर होताच मिळावा. प्रवास, झेरॉक्स, चहापाणी अशा किरकोळ खर्चासाठी ठरावीक दैनिक रक्कम द्यावी आणि तिचा पुरावा म्हणून कामाची रोजनिशी व मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र ग्राह्य धरावे. अर्ज दोन पानांचा, मराठीतही भरता येईल असा असावा. मंजुरी दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी मिळावी, मार्चअखेर नव्हे. प्रत्येक प्रकल्पाची तपासणी करण्याऐवजी काहींची, पण कसून करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पूर्ण झालेले प्रत्येक काम ग्रंथालयात वाचकांसाठी खुले ठेवावे. चार लोक आपले काम वाचणार आहेत ही जाणीव दहा पावत्यांहून अधिक प्रामाणिकपणा शिकविते.

विद्यार्थ्यांनीही काही पथ्ये पाळली पाहिजेत. ‘ग्रामीण अर्थव्यवस्थेचा चिकित्सक अभ्यास’ असे भव्य शीर्षक समितीला भुलवीत नाही. प्रश्न एकच आणि लहान असावा. कोठे जाणार, कोणाला भेटणार, किती दिवस, काय विचारणार आणि प्रत्येक गोष्टीस किती खर्च, हे सरळ लिहावे. गेल्या वर्षीच्या अर्जाची नक्कल करू नये. मंजुरीनंतर रोजचा खर्च त्याच दिवशी वहीत लिहावा आणि तिकिटाचे छायाचित्र काढून ठेवावे. शिक्षकांनीही सही करण्यापूर्वी एकदा तरी विद्यार्थ्याबरोबर त्या बाजारात जाऊन यावे.

देशात संशोधनावर होणारा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के एवढाच आहे, ही खंत आपण परिसंवादांतून वारंवार व्यक्त करतो. तो वाढला पाहिजे यात शंका नाही. परंतु उद्याचा संशोधक आज कोठल्या तरी गावच्या महाविद्यालयात सूचनाफलकासमोर उभा आहे, आणि खिशातले पैसे मोजून अर्ज करावा की नाही हे ठरवीत आहे.

त्या विद्यार्थिनीचा अहवाल माझ्या कपाटात आहे. पुढे शिकण्याचा तिचा विचार होता, तो अमलात आला नाही. सध्या ती एका पतसंस्थेत नोकरी करते. मध्यंतरी भेटली तेव्हा मी तिला विचारले, त्या बायकांकडे पुन्हा एकदा जाऊन, व्याज आता किती आहे ते पाहशील का? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सर, जाईन. पण या वेळी पैसे आधी मिळतील का?”