व्हाइस सिटी: एकदा चीट कोडशिवाय खेळा

‘जीटीए व्हाइस सिटी’ला नावं ठेवली की कट्ट्यावर लगेच आवाज येतो, “का बे, तुला गेम कळतो का?” तरी बोलायला हवं. हा गेम २००२ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला, २००३ मध्ये कॉम्प्युटरवर, आणि सायबर कॅफेंत एक पिढी त्यावर वाढली.

पण खेळलो काय? ‘पँझर’ टाइप करून रणगाडा मागवला, रेडिओ लावला, गावभर फिरलो. मिशन किती जणांनी पूर्ण केली? चीटशिवाय नेम धड लागत नाही. टॉमी पाण्यात पडला की खेळ खल्लास; पोहणं २००४ च्या ‘सॅन अँड्रियास’मध्ये आलं. मिशन मधेच फसलं की पुन्हा पहिल्यापासून. खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने बॉम्ब ठेवायच्या मिशनपुढे तर भलेभले हात टेकतात.

शहर मात्र झकास होतं. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात न बसताही आपण तासन्‌तास रमतो, तसंच ते. पण भटकंतीची मजा वेगळी आणि ‘आजवरचा सर्वोत्तम गेम’ हा किताब वेगळा.

हा फरक खिशाला लागतो. २०२१ मध्ये याची नवी आवृत्ती आली. लोकांनी आठवणींच्या भरवशावर पैसे मोजले आणि त्यातल्या चुका पाहून जगभर बोंब झाली. आता मालिकेचा सहावा भागही याच शहरात घडणार आहे. पैसे भरण्याआधी जुना गेम एकदा चीटशिवाय खेळा. आवडला तर बिनधास्त कौतुक करा, पण ते मत तुमचं स्वतःचं असू द्या.