नगरसेवक नकोत, आयुक्तच बरे?

मंडळी, लंच टेबलवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "नगरसेवक हवेत कशाला? एक खमक्या आयएएस द्या, शहर सुतासारखं सरळ करेल!" ऐकायला झकास. पण हा प्रयोग होऊन गेलाय राव!

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ला संपली, पुण्याची त्यानंतर आठवड्याभरात. घटनेचं कलम २४३-यू स्वच्छ सांगतं, मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक. आपल्याकडे ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टकज्जे... आणि मतदान थेट १५ जानेवारी २०२६ला! मधली जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती.

आता गंमत बघा. एरवी आयुक्त बजेट मांडतात. स्थायी समिती आणि सभागृह ते तपासून मंजूर करतं. या काळात आयुक्त तेच प्रशासक. मुंबईचं २०२५-२६चं बजेट ७४,४२७ कोटींचं, आणि मंजुरी त्याच खुर्चीची. आपल्या भाषेत सांगायचं तर स्वतःच कोड लिहायचा, स्वतःच रिव्ह्यू करायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर टाकायचा! आपल्या टीममध्ये कोणी असं केलं तर चालेल?

"पण नगरसेवक टक्केवारी खातात!" खातात ना, काही जण नक्की खातात. पण रिव्ह्यू करणारा कामचोर निघाला म्हणून कोणी रिव्ह्यूच बंद करत नाही, माणूस बदलतो. नगरसेवकाला पाच वर्षांनी पाडता येतं. आयुक्ताला? त्याची नेमणूक आणि बदली राज्य सरकार करतं. म्हणजे प्रशासक आला की शहराचा मालक मतदार राहत नाही, मंत्रालय होतं.

अधिकारी वाईट असतात असं अजिबात म्हणायचं नाही. चांगला अधिकारी हवाच, पण प्रश्न विचारणाऱ्या सभागृहासमोर. त्याला एकट्याला सोडलं की त्याच्या प्रामाणिकपणावर भरवसा ठेवण्यापलीकडे आपल्या हातात काही उरत नाही. आणि भरवसा म्हणजे सिस्टीम नव्हे!

असो. आता सभागृहं परत आली आहेत. तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असंही घटनेत लिहिलंय (कलम २४३-एस). तुमच्या प्रभाग समितीचं ऑफिस कुठे आहे, ठाऊक आहे? नसेल तर पुढच्या वेळी खमक्या आयएएस मागण्याआधी तेवढं शोधा.