कॅमेरा गारठतो तेव्हा



दिवाळी अंकात पणत्यांच्या फोटोंबद्दल लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातलं विनिपेगच्या एका वहिनींचं पत्र मुद्दाम बाजूला काढून ठेवलं होतं. त्यांचे सासू-सासरे साताऱ्याहून पहिल्यांदाच आले आहेत, मार्चमध्ये परत जाणार. सासऱ्यांना 'ते आकाशातले हिरवे दिवे' बघायचे आहेत आणि त्यांच्याखाली दोघांचा एक फोटो हवा आहे, गावच्या घरात भिंतीवर लावायला. वहिनी लिहितात, "भावजी, आमचा कॅमेरा उणे पंचविसात दहा मिनिटांत मान टाकतो. फोन तर त्याच्याही आधी. आणि मामंजी पुन्हा एवढा प्रवास करतील असं वाटत नाही."

तेव्हा या वेळचं सदर त्यांच्यासाठी, आणि थंडीत कुडकुडणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी.

पहिली गोष्ट, कॅमेरा मान टाकत नाही, बॅटरी टाकते. आपल्या कॅमेऱ्यांत असते ती लिथियम-आयन बॅटरी. तिच्यातल्या द्रवातून लिथियमचे आयन इकडून तिकडे जातात, तेव्हा वीज मिळते. थंडीत ही ये-जा मंदावते, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, आणि कॅमेऱ्याने जरा जास्त वीज मागितली की व्होल्टेज धाडकन खाली येतं. कॅमेऱ्याला वाटतं, संपली! प्रत्यक्षात ती संपलेली नसते, गारठलेली असते. खिशात ठेवून ऊब द्या, बरीचशी परत येते. म्हणून दोन-तीन बॅटऱ्या हव्यातच. त्या कोटाच्या बाहेरच्या खिशात नकोत, आत शर्टाच्या खिशात, अंगालगत हव्यात. एक थंड पडली की ती आत, आतली बाहेर. मात्र घरी आल्या आल्या गार बॅटरी चार्जरला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्यास आत लिथियम धातूचा थर बसतो आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. आधी चहा घ्या, तोवर तीही माणसात येईल.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेलं असतं, काहींत उणे १० पर्यंत. आयफोनसाठी तर ० ते ३५. म्हणजे उणे तिसात आपण जे काही करतो ते आपल्या जबाबदारीवर. पण चालतं हो. मागचा पडदा जरा आळशी होतो, चित्र ओढत ओढत बदलतं, इतकंच. उलट गार सेन्सरवर लांब एक्स्पोजरमध्ये दाणे कमी येतात, हा थंडीचा आपल्याला मिळालेला एकमेव बोनस.

आता बरेच जण काय करतात, अख्खा कॅमेराच कोटाच्या आत घेतात. बाळाला घ्यावं तसा. हे मला अजिबात पसंत नाही. कोटाच्या आत आपल्या घामाची वाफ असते. ती गार लेन्सवर बसते, आणि कॅमेरा बाहेर काढला की तिथेच गोठते. मग ते बर्फ खरवडत बसा. कॅमेरा गारच राहू दे, बॅटरी तेवढी गरम ठेवा. लेन्सवर भुरभुर पडली तर फुंकर मारू नका, श्वासातली वाफ काचेवर गोठते. मऊ ब्रशने झटका.

खरं संकट बाहेर नसतं, ते घरात परत येताना असतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो, तसा गार कॅमेऱ्याला फुटतो, आतूनसुद्धा. आपण म्हणतो, हिवाळ्यात घरातली हवा किती कोरडी! पण २० अंशांना आर्द्रता फक्त ३० टक्के असली, तरी दवबिंदू २ अंशांच्या आसपास असतो आणि कॅमेरा तर उणे पंचविसात असतो. त्यात आपल्या घरात कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या. उपाय साधा आहे. भारतातून भाजणी-मेतकूट आणतो त्या जाड झिपलॉक पिशव्या जपून ठेवा. (धुऊन, नाहीतर लेन्सला हिंगाचा वास!) बाहेर असतानाच कॅमेऱ्यातलं कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, कॅमेरा पिशवीत घाला, हवा दाबून काढा, बंद करा, मगच दार उघडा. घाम पिशवीच्या बाहेरून धरेल. दोन-तीन तास उघडायची नाही. फोटो बघायची घाई असते म्हणूनच कार्ड आधी काढायला सांगितलं.

बर्फातल्या फोटोंबद्दल एक गोष्ट, कारण ती आपल्या लोकांना जास्त भोवते. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं समजतो. चहूकडे बर्फ दिसला की तो चित्र काळवंडून टाकतो. बर्फ राखाडी येतो आणि आपले सावळे चेहरे पार अंधारात जातात. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसून अंगणात उभ्या राहिलेल्या बायकांचे असे किती फोटो मी पाहिलेत. दागिने आणि दात तेवढे दिसतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ ते +२ करा. एवढंच.

आता वहिनी, तुमचा फोटो. शहराच्या दिव्यांपासून दूर उत्तरेला जा. १० मे २०२४ च्या सौर वादळासारखी रात्र रोज येत नाही, तेव्हा आकाश निरभ्र असेल अशा दोन-तीन रात्री हाताशी ठेवा. ट्रायपॉड लागेल. त्याचे पाय धातूचे असतील तर नळाला गुंडाळायचा फोम बांधा, उघडा हात लावू नका. फोकस मॅन्युअल करून एखाद्या ठळक ताऱ्यावर, पडद्यावर मोठं करून लावा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. लेन्स f/२.८ किंवा जेवढी उघडेल तेवढी, आयएसओ १६०० ते ३२००, वेळ ५ सेकंद, आणि दोन सेकंदांचा टायमर. त्या पाच सेकंदांत आजी-आजोबांनी हलायचं नाही. मध्येच एकदा टॉर्चचा झोत चेहऱ्यांवरून अर्धा सेकंद फिरवा, नाहीतर दोन काळ्या सावल्या येतील.

हे सगळं आधी तुमच्या मिस्टरांना उभं करून जुळवा. म्हातारी माणसं तोवर गाडीत हीटर लावून बसू देत. फक्त गाडीचा धूर सोडणारा पाइप बर्फात बुजलेला नाही ना, हे बघा. वारा कॅमेऱ्याला हवेच्या तापमानापेक्षा जास्त गार करू शकत नाही, पण माणसाला विंड चिल लागतो. तो उणे २८ ते ३९ असला तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. सगळं तयार झालं की बोलवा, तीन-चार फोटो, परत गाडीत. टोपी डोळ्यांवर आली असेल तर असू द्या. मफलर मात्र तेवढ्यापुरता हनुवटीखाली घ्या, साताऱ्याला कळायला हवं ना, कोण आहे ते!

फोटो आला की आम्हालाही पाठवा. पुढच्या अंकात, मंगलकार्यातले फ्लॅशचे फोटो.