मुका बी आणि पोटफोड्या ष

राज्याची इंग्रजीची पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या मंडळींस,



मराठी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो. स्पेलिंग चुकले की माझ्याकडे एकच औषध असे: दहा वेळा लिहून आण. पोरे मुकाट्याने लिहीत आणि अकराव्यांदा पुन्हा 'सेपरेट'मध्ये पीच्या पुढे ई घालीत. दोष माझा होताच. थोडा वाटा तुमच्याकडेही येतो.

आपले पोर कानाने लिहिते, कारण मराठीने त्याला तीच सवय लावली आहे. इंग्रजीत मात्र जोर नसलेला स्वर तोंडातल्या तोंडात विरतो. ए, ई, ओ सगळे एकाच 'अ'मध्ये बुडतात. म्हणून 'ग्रामर'च्या शेवटी ते 'हॅमर'सारखे ई-आर लिहिते. अशा वेळी शब्दाच्या भावंडाला हाक मारावी. 'ग्रमॅटिकल' म्हटले की बुडालेला ए वर येतो. 'डेफिनेट' हा 'फायनाइट'चा नातलग, म्हणून त्यात एननंतर आय. 'गव्हर्न' आठवले की 'गव्हर्मेंट'मध्ये गिळलेला एन सापडतो. ही युक्ती दर वेळी चालत नाही. 'मेंटेन'वरून 'मेंटेनन्स' लिहायला जाल तर फसाल.

आता कर्ज या अर्थाचा 'डेट' घ्या. फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. लॅटिनशी नाते दिसावे म्हणून विद्वानांनी तो मागाहून बसवला. 'आयलंड'मधला एस तर निव्वळ गैरसमजातून घुसला आणि शुद्ध ठरला. कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडात छापखाना काढला. स्पेलिंग हळूहळू गोठत गेले, उच्चार मात्र बदलत राहिले.

हे आपल्या पोरांना अवघड नाही. 'विशेष'मधला पोटफोड्या ष कोण वेगळा उच्चारतो? संस्कृतची आठवण म्हणून तो लिहितो. 'पांच'वरचा न उच्चारला जाणारा अनुस्वार आपण साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी काढून टाकला, ष ठेवला. इंग्रजीला असे महामंडळ कधी लाभले नाही. जॉन्सनने 1755 मध्ये कोश केला, वेब्स्टरने 1828 मध्ये अमेरिकेसाठी दुसरा, आणि 'कलर'मधला यू एका देशात राहिला, दुसऱ्यात गेला. मोबाइलवर तो यू नसलेला 'कलर' रोज पाहणाऱ्या मुलाचा अर्धा गुण मी कित्येकदा कापला आहे. तपासनिसांना निदान एवढे तरी लेखी कळवा की दोन्ही रूपे चालतील, फक्त एका उत्तरपत्रिकेत सरमिसळ नको.

2000 सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आठवीचे मूल सात वर्षे स्पेलिंग घोकून आलेले असते. त्याच्या पुस्तकात प्रत्येक धड्याखाली दोन ओळींची जागा द्या: एक शब्द आणि त्याची कुळकथा. नवा धडा नको, नवी चाचणी तर मुळीच नको.

सुरुवात 'रिसीट'पासून करा. त्यातला मुका पी लग्नाच्या 'रिसेप्शन'मध्ये खणखणीत बोलतो, आणि रिसेप्शन आता खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. त्याच घराण्यातल्या 'डिसीट'ला मात्र पी मिळाला नाही. का, असे पोरे विचारतीलच. उत्तर 'लहर' एवढेच आहे. शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत तेही छापा.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक