पावती नसलेला खर्च

आमच्या नात्यागोत्यातल्या सात जणांची आयकर विवरणपत्रे दर जुलैत मी भरतो. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एवढे तरी काम हवे, अशी सर्वांची समजूत आहे. गेल्या वर्षी त्यातल्या एका मुलीच्या खात्याचा उतारा चाळत होतो. दर गुरुवारी १,५०० रुपये, एकाच नावावर, वर्षभर. (सात जणांतली ती कोण, हे नातेवाईकांनी शोधत बसू नये. ओळख पटेल अशा दोन-तीन गोष्टी मी बदलल्या आहेत आणि हा मजकूर तिने वाचला आहे.)

"गाण्याचा क्लास लावलास की काय?" मी विचारले.

"नाही काका. थेरपिस्टकडे जाते."

यावर काय विचारायला हवे होते, ते वाचकांना सांगायला नको. मी विचारले, "अगं, मग कंपनीचा इन्शुरन्स आहे ना? क्लेम का करत नाहीस?"

ती हसली. तिला काय होते आहे, हा प्रश्न मला सुचायला रात्र उजाडावी लागली. त्याचे उत्तर तिचे आहे, ते इथे लिहिणार नाही. पण क्लेमचा माझा प्रश्न मूर्खपणाचा असला, तरी बिनमहत्त्वाचा नव्हता. वर्षाला सत्तर हजारांच्या वर रक्कम, पगारदार मुलगी, डोक्यावर विमा. तरी सगळा खर्च स्वतःच्या खिशातून. का?

पहिले कारण कागदोपत्री आहे. आपल्याकडे २०१७ साली मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमात स्वच्छ लिहिले आहे की, शारीरिक आजाराला ज्या धर्तीवर विमा मिळतो, त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे. तोवर पॉलिसीच्या मागच्या पानावर, बारीक टायपात, कशाकशाला संरक्षण नाही त्या यादीत मनाचे आजार बसलेले असत. कंपन्या हलेनात, तेव्हा विमा नियामकाने शेवटी ३१ ऑक्टोबर २०२२ ही मुदत घालून दिली.

म्हणजे कायद्याने समता आली. पण 'त्याच धर्तीवर' या शब्दांत सगळी मेख आहे. आपला आरोग्यविमा मुळात खाटेचा विमा आहे. रुग्णालयात भरती झालात, चोवीस तास काढलेत, की पैसे. डॉक्टरांकडे जाऊन, तपासून घेऊन, औषध घेऊन घरी आलात, तर बहुतेक साध्या पॉलिसींत काही नाही. शरीराच्या बाबतीत हे चालून जाते, कारण शरीराचा मोठा खर्च खाटेवरच होतो: बायपास, गुडघा, अपेंडिक्स. मनाचा खर्च मात्र खुर्चीवर होतो. समोर एक खुर्ची, इकडे एक खुर्ची, पाऊण तास बोलणे, पुन्हा पुढच्या गुरुवारी. कंपनी खोटे बोलत नाही. ती दोघांनाही खाटच देते. एकाला खाट नकोच असते, एवढेच.

कंपन्यांची बाजूही मला समजते. विमा म्हणजे घराला लागणारी आग. कधीतरी, एखाद्याच्याच घराला, पण मोठी. दर आठवड्याचा पंधराशेचा खर्च ही आग नव्हे, तो आवर्त ठेवीचा हप्ता झाला. ज्यांना तो करायचा आहे तेच तसली पॉलिसी घेणार, मग तिचा हप्ता वाढणार, मग बाकीचे सोडून जाणार. हा हिशेब कुठलाही बँकवाला सिगारेटच्या पाकिटावर मांडून दाखवील.

परंतु या मुलीच्या बाबतीत हा हिशेब लागूच नव्हता. तिच्या कंपनीच्या सामूहिक पॉलिसीत बाह्यरुग्णांसाठी मर्यादित तरतूद आहे आणि तीत समुपदेशन बसते. ती म्हणाली, "एचआरला कळत नाही, असं ते सांगतात. खरंही असेल. पण काका, तुम्हीच तो कॅशियरचा किस्सा सांगितला होतात ना?"

मी तो किस्सा म्हणून सांगितला होता, हे त्या क्षणी मला आठवले.

२००३ साली मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत व्यवस्थापक होतो. आमचा एक कॅशियर नोटांचे बंडल पुन्हा पुन्हा मोजू लागला. चार वेळा, पाच वेळा. रांग दारापर्यंत जाई, शेतकरी शिव्या देत. त्या वेळच्या आमच्या विनोदबुद्धीला यात बरेच खाद्य मिळाले. तो रजेवर गेला, मिरजेला उपचार घेतले आणि आजारपणाच्या रजेसाठी त्याने जो दाखला दिला, त्यावर मानसोपचारतज्ज्ञाचे नाव आणि आजाराचे नाव दोन्ही होते. दोन महिन्यांनी तो परत आला तो उत्तम होऊन. दोनदा मोजायचा, आम्हीही दोनदाच मोजतो. पुढच्या वर्षी तो ऑफिसरच्या बढतीला पात्र ठरला. शिफारशीच्या कागदावर मी लिहिले, 'ताणाखाली काम करण्याची क्षमता मर्यादित'. असे लिहायला मला कुणी सांगितले नव्हते. त्याच्या कामात तसे काही दिसलेही नव्हते. दाखला फायलीत होता, एवढेच. बढती झाली नाही.

पायाच्या हाडाचा दाखला असता तर मी तसे लिहिले असते का? नसते लिहिले. आणि ही गोष्ट लग्नाच्या पंगतीत, नोटा मोजण्याची नक्कल करून, मी सांगितली तेव्हा ती मुलगी शाळेत होती. ऐकून ती काय शिकली, ते वीस वर्षांनी उताऱ्यावर छापून आले.

त्याच कायद्याचे २३ वे कलम रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते. पण शिफारशीच्या कागदावरची एक ओळ कुठले कलम पकडणार? म्हणून दर गुरुवारचे पंधराशे रुपये हे नुसते उपचाराचे शुल्क नाही. त्यातला काही भाग फायलीत कागद जाऊ नये म्हणून भरलेला आहे. माझ्यासारख्यांनी बसवलेला कर म्हणा. अमेरिकेत २००८ पासून असाच समतेचा कायदा आहे, तरी तिथेही विम्याचे पैसे हवे तर आजाराचे नाव कागदावर यावे लागते, आणि ते नको म्हणून स्वतः पैसे भरणारे पुष्कळ आहेत.

ज्यांना हा कर परवडत नाही, त्यांचे काय? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत पाहणी केली (महाराष्ट्र त्यात नव्हता). आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असे तीत दिसले. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना नवरा गेल्यापासून झोप नाही. पंधराशे रुपये हा त्यांचा विचारही नाही. सरकारी रुग्णालयाचे नाव काढले तर म्हणाल्या, "येरवड्याला? मला वेड लागलंय का?" पुण्यात त्या गावाचे नाव दोन कारणांसाठी घेतात आणि दोन्ही वाईट. शेवटी मी त्यांना टेली-मानसचा १४४१६ हा फुकट क्रमांक लावून दिला आणि फोन त्यांच्या हातात देऊन बाहेर जाऊन बसलो.

खिशातून पैसे भरणाऱ्यांना मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. रोखीने कचेरीपासून लपता येते, प्रपोझल फॉर्मपासून नाही. नवी पॉलिसी घेताना मानसिक आजारावर उपचार घेतलेत का, असा प्रश्न बहुतेक फॉर्मवर असतो आणि पैसे कुणी भरले, हे तो विचारत नाही. तिथे 'नाही' लिहिले आणि पुढे ते उघडकीस आले, तर हृदयविकाराचा दावाही अडकू शकतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज कंपनीला तो मुद्दा काढता येत नाही. ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ साली पाच झाली. पण पाच वर्षे जीव मुठीत धरून हप्ते भरायचे, म्हणजे आणखी एक आजार.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण निवृत्तांच्या सामूहिक पॉलिसीचा हप्ता झेपेना म्हणून मी यंदा स्वतंत्र पॉलिसीला अर्ज केला. २०२१ साली, निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, मी तीन वेळा एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो होतो. दुसऱ्या उपनगरात, रिक्षाने, टोपी घालून. पैसे रोख दिले. आयुष्यभर व्हाउचरशिवाय रुपया न हलवलेल्या माणसाने पावती मागितली नाही. घरात कुणाला सांगितले नाही. त्या मुलीला प्रथम सांगितले, तिच्या उताऱ्यावरून बोलणे झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी.

फॉर्मवरच्या त्या चौकटीपुढे मी बराच वेळ बसलो आणि 'होय' वर खूण केली. खाली तारखा लिहिल्या, आजाराचे नाव लिहिले. कंपनीने अधिक कागदपत्रे मागवली आहेत. डॉक्टरांकडे जाऊन दाखला आणायचा आहे. जुन्या पावत्या असल्यास जोडाव्यात, असे पत्रात म्हटले आहे.